मध्यरात्रीची घंटा

'अन्नछत्री जेवणे, वर मिरपूड मागणे' ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. फुकटच्या पानावर बसून वर आणखी काही मागणाऱ्याच्या तोंडावर ती फेकली जाते. तंजावरच्या मराठी राजांनी बांधलेल्या छत्रांची हकीगत वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की ही म्हण त्या मुलखात जन्मलीच नसती. तिथे मिरपूड मागावी लागत नव्हती. शिजवलेला भात ज्याला चालत नसे, कुणी सोवळ्यातला, कुणी व्रत धरलेला, कुणी स्वतःच्याच हातचं खाणारा, त्याला कोरडा शिधा मिळे. त्या शिध्यात तांदळाबरोबर मसाल्याचं सामानही असे. कुणी काय खातं, काय खात नाही, हे यजमानाने आधीच विचारात घेतलेलं होतं.

अशा छत्रांपैकी एक ओरत्तनाडूला आहे. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की साधारण पंचवीस किलोमीटरवर हे गाव लागतं. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधेमधे नारळाच्या बागा, आणि गावात एक जुनी देखणी इमारत. तिच्या जोत्याच्या दगडात रथाची चाकं कोरलेली आहेत, हत्ती-घोडे आहेत, जणू सगळी धर्मशाळाच कुणी ओढत पुढे नेत आहे. हे मुक्तांबाळ छत्र. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०२च्या सुमारास ते बांधलं आणि आपल्या प्रिय मुक्तांबाळचं नाव त्याला दिलं. तिनेच मरताना, आपल्या नावाने अन्नदान चालावं अशी इच्छा सांगितली, असं तिथली परंपरा म्हणते. तंजावरच्या छत्रांना बहुतेक राजघराण्यातल्या स्त्रियांचीच नावं आहेत. नीडामंगलमला यमुनांबाळ, मणमेल्कुडीला द्रौपदांबाळ. राजवाड्याच्या आत राहिलेल्या या बायकांची नावं परमुलखातल्या भुकेल्या माणसांच्या तोंडी राहिली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ही छत्रं नेमकी इथे का, याचं उत्तर वाटेत आहे. काशी-रामेश्वर हा मराठी घरांतला जोडशब्द. काशीहून गंगा आणायची, रामेश्वराला वाहायची, सेतूची वाळू उचलून प्रयागला न्यायची, तेव्हा यात्रा पुरी. हीच गंगेची कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण ऐकत आलो. पुढे रामेश्वरापर्यंत चालत गेलेल्या हजारो साध्या माणसांचं मात्र काय होई, ते आपल्याला कुणी सांगत नाही. तंजावर मागे पडलं की त्यांची वाट दक्षिणेला ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै अशी जाई आणि राजामडम्, मणमेल्कुडी या गावांच्या बाजूने समुद्रकिनारा धरी. भाषा परकी, ऊन करकरीत, पायांत वहाण असली तर असली. या रस्त्यावर छत्रांची माळ होती.

सरफोजीराजांनी ही माळ फार मोठ्या निग्रहाने राखली. २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला, ठरलेला तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढंच उरलं. राज्य गेलं, आता छत्रंही कंपनीच्या कारकुनांच्या हाती जाणार हे दिसू लागल्यावर सरफोजींनी १८०१च्या जानेवारीत रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक लांब पत्र लिहिलं. छत्रं माझ्याकडे राहू द्या, ही विनंती. पण नुसती विनंती करून ते थांबले नाहीत. छत्रात काय काय चालतं, हे त्यांनी एकेक करून लिहिलं. त्यामुळे दोन शतकांपूर्वीच्या त्या स्वयंपाकघरांचा दिनक्रम आज आपल्यापुढे आहे.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो येईल त्याला शिजवलेला भात. नको असेल त्याला शिधा. वाटप चालायचं ते मध्यरात्रीपर्यंत. मध्यरात्री घंटा वाजवायची, आणि ज्याला अजून जेवण मिळालेलं नाही त्याने पुढे यावं असं बोलवायचं. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण, तेही बरं वाटेपर्यंत. सूज, रोग, विषारी जनावराचा दंश यांवर उपचार करणारे वैद्य पदरी ठेवलेले. तान्ह्या मुलांना दूध, गर्भार बाईची देखभाल. परमुलखातली माणसं छत्रात वारली आणि मुलं मागे राहिली तर ती पंतोजीच्या हवाली. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांतून एकदा अभ्यंग, आवडीची विद्या आणि पुढे लग्नाचा खर्चही. मेलेल्याचे अंत्यसंस्कार त्याच्या त्याच्या जातीच्या रीतीने.

त्या काळी पंगती जातवार वेगळ्याच असणार, हे उघड आहे. सगळे मांडीला मांडी लावून जेवत होते असं समजून भारावून जाण्याचं कारण नाही. पण उपाशी कुणी परत जायचं नाही, हा नियम सगळ्यांना एकच होता. या मुलखाला धर्मराज्य म्हणतात आणि हेच नाव आपल्याला सर्वांत भूषणाचं वाटतं, असं सरफोजींनी त्या पत्रात सांगितलं आहे. राज्य गमावलेला राजा तोफा मागत नाही, चुली मागतो आहे.

प्रवासाच्या थांब्यावरचं जेवण हा आता जगभर मोठा धंदा झाला आहे. आपल्याकडची माणसंही आता क्रूझवर जातात. बोट सकाळी बंदराला लागते, संध्याकाळी सुटते. मधल्या सहा-आठ तासांत त्या देशाचं 'पारंपरिक' काहीतरी चाखायचं असतं. आयर्लंडमध्ये असा एक थांबा कोव्ह या गावी असतो, कॉर्क बंदरात. टायटॅनिकचा शेवटचा थांबा तो हाच; ११ एप्रिल १९१२ला इथून १२३ उतारू तिच्यावर चढले. बोट धक्क्याला लागली की वर टेकडीवर सेंट कोलमन कॅथेड्रल दिसतं. त्याच्या मनोऱ्यात ४९ घंटा आहेत. ओरत्तनाडूची एक घंटा आणि कोव्हच्या या एकोणपन्नास यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण थांब्यावर वाढलेलं पान नीट वाचायचं, तर मला ही दोन गावं शेजारी ठेवावीशी वाटतात.

कोव्हला उतरलेल्या पाहुण्यापुढे पहिल्यांदा येतो तो सोडा ब्रेड. जाड कवचाचा, आतून ओलसर, गव्हाच्या कोंड्याचा वास असलेला गोल पाव. वर सुरीने अधिकच्या खुणेसारखा खोल छेद दिलेला. सोबत खारं लोणी. त्याची करणी आपल्या ढोकळ्याच्या जवळची आहे. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, ताक आंबट. दोघांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि पीठ फुलतं. यीस्ट नको, मळत बसणं नको, रात्रभर फुगायला ठेवणं नको. उलट जास्त मळलं तर तो दगड होतो. आयर्लंडच्या ओल्या हवेत पिकणारा गहू मऊ. त्यात ग्लुटेन कमी, त्यामुळे यीस्टचा पाव त्याला नीट पेलत नाही. सोड्याला तो चालतो. गरिबाच्या घरी भट्टी नसे. झाकणाचं बिडाचं भांडं पीट या दलदलीतल्या जळणाच्या निखाऱ्यावर टांगायचं, झाकणावरही निखारे ठेवायचे. आपल्याकडे वरखाली विस्तव ठेवून भाजायची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. वरचा छेद शोभेसाठी नाही. त्यातून उष्णता मधल्या जाड भागापर्यंत पोहोचते. आता हा इतका 'पारंपरिक' पाव किती जुना? खाण्याचा सोडा आयर्लंडमधल्या चुलींपर्यंत पोहोचला तो १८३०नंतर. म्हणजे सरफोजीराजे ७ मार्च १८३२ला वारले, तेव्हा तो नुकताच त्या घरांत शिरत होता.

पाहुण्यापुढे दुसरा येतो बटाटा. मटण-कांद्याच्या रश्श्यात, केलच्या पाल्याबरोबर लोण्यात कुस्करलेला, किसून तव्यावर धिरड्यासारखा भाजलेला. इथे मात्र थांब्यावरच्या माणसाने थोडं थांबावं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडमधला गरीब मजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे, सोबत ताक. त्याचं जवळजवळ सगळं जेवण तेच. जमीन जमीनदाराची, त्यावर पिकलेलं धान्य खंडापायी जायचं. आपल्या पोटासाठी उरलेल्या चिमूटभर जमिनीत सर्वांत जास्त पोट भरणारं पीक बटाटाच. त्यातही बहुतेकांनी लावलेली जात एकच, लम्पर. १८४५मध्ये त्यावर करपा आला. फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने शेतंच्या शेतं काही दिवसांत काळी केली आणि काढलेला बटाटाही साठवणीत सडला. सगळीकडे एकच जात असल्यामुळे त्याला अडवणारं काही नव्हतं. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात त्याच बंदरांतून धान्य, लोणी, जनावरं इंग्लंडला जात होती. १८४१च्या जनगणनेत त्या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त माणसं होती. आजही तो आकडा पुन्हा गाठला गेलेला नाही. कोव्हचा धक्का हा तेव्हापासून निरोपाचा धक्का. १८४८ ते १९५० या शंभर वर्षांत पंचवीस लाखांवर माणसं इथून निघून गेली. आज बोटीतून उतरून जेवणाची जागा शोधणारा पाहुणा त्यांच्या उलट दिशेने चालत येतो.

आता दुसरी घंटा. १८४७च्या एप्रिलमध्ये डब्लिनला, लष्करी बराकींजवळ, लंडनचा नामांकित स्वयंपाकी अलेक्सी स्वायर याने सरकारसाठी एक नमुनेदार सूप-घर उभारलं. मोठी कढई, लांबलचक टेबलं, एका वेळी शंभर जागा. प्रत्येक वाडग्यापाशी चमचा साखळीने बांधलेला. घंटा वाजली की बाहेर ताटकळलेले शंभर जण आत. सूप संपवायला सहा मिनिटं. पुन्हा घंटा वाजली की हातात पावाचा तुकडा घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर, आणि पुढचे शंभर आत. उद्घाटनाच्या दिवशी शहरातले प्रतिष्ठित लोक हे बघायला आले होते.

या योजनेला नावं ठेवणं सोपं आहे, आणि ते पुरतं न्याय्य होणार नाही. त्या वर्षीच्या कायद्याने देशभर सूपघरं निघाली आणि जुलै १८४७मध्ये रोज सुमारे तीस लाख माणसांना त्यांतून अन्न मिळत होतं. त्याने जीव वाचले. पण ती तात्पुरती सोय होती, आणि दुष्काळ संपायच्या कितीतरी आधी, त्याच शरदात, ती गुंडाळली गेली. मला त्या दोन घंटांचा अर्थ वेगळा वाटतो. डब्लिनची घंटा 'ऊठ' म्हणत होती. कावेरीकाठची घंटा 'अजून कुणी राहिलं आहे का?' असं विचारत होती. दोन्हीकडे अन्न फुकटच होतं, दोन्हीकडे खाणारा गरजूच होता. पण एकीकडे त्याला चमचा चोरणारा धरलं होतं, दुसरीकडे चुकामूक झालेला पाहुणा.

कोव्हपासून थोड्या अंतरावर मिडलटन नावाचं गाव आहे. क्रूझचे प्रवासी तिथे व्हिस्कीची जुनी भट्टी पाहायला जातात, घोट घेतात, परत येतात. त्याच गावात एका बागेत पोलादाची नऊ उंच पिसं गोलाकार उभी केली आहेत. लांबून बघितलं तर एक रिकामा वाडगा दिसतो. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी लोकांनी १८४७मध्ये आयर्लंडच्या भुकेल्यांसाठी पैसे गोळा करून पाठवले होते. रक्कम १७० डॉलर सांगतात. त्याआधी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच त्या लोकांना स्वतःच्या जमिनीवरून हुसकावलं गेलं होतं आणि वाटेत हजारो मेले होते. भूक म्हणजे काय हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी दिलं. भारतातूनही, कोलकात्याहून, मदत गेली होती. मिडलटनला जाणाऱ्याने व्हिस्की अवश्य चाखावी, पण त्या वाडग्यापाशीही जाऊन यावं.

थांब्यावरच्या 'पारंपरिक' पदार्थांकडे पाहताना मला आणखी एक गोष्ट दिसते. ते पदार्थ त्या मातीतून आपोआप उगवलेले फार क्वचित असतात. बटाटा अमेरिकेचा, सोडा कारखान्याचा. आणि जगभर आयर्लंडची म्हणून ओळखली जाणारी आयरिश कॉफी तर थांब्यावरच जन्मली. शॅनन नदीच्या मुखाशी फॉइन्सला समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता. १९४३च्या हिवाळ्यात खराब हवेमुळे एक विमान अर्ध्या वाटेतून परत आलं. गारठलेल्या उतारूंसाठी तिथला आचारी ज्यो शेरिडन याने कॉफीत व्हिस्की घातली आणि वर साय सोडली, अशी तिची हकीगत सांगतात. पाहुणा थंडीने कुडकुडतो आहे, हे बघून यजमानाने काढलेला तो मार्ग होता.

ओरत्तनाडूच्या आसपासच्या जेवणाची गोष्टही अशीच आहे, फक्त तिथे पाहुणे परत गेले नाहीत. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५च्या सुमारास तंजावरला गादीवर बसले आणि १८५५पर्यंत ते राज्य भोसल्यांच्या घराण्यात राहिलं. त्यांच्याबरोबर सरदार, कारकून, भिक्षुक, कीर्तनकार, आचारी असे लोक गेले. घरात मराठी, बाहेर तमिळ, असं आजही तिथल्या काही घरांत चालतं. आता मराठी शब्द तमिळ ताटात कसे सापडतात पाहा.

तमिळ घरांत 'रसवांगी' नावाचा वांग्याचा पदार्थ करतात. तुरीची डाळ, चिंच, भाजून वाटलेला धने-मिरची-खोबऱ्याचा मसाला. नाव ऐकल्यावर आपल्याला दुसऱ्या कुणाला अर्थ विचारावा लागत नाही. 'पिट्लै' हा दुसरा. तो कारल्याचा किंवा वांग्याचा, डाळीचा, चिंचेचा दाट प्रकार. तो शब्द पिठल्यावरून आला असं मानतात. गंमत म्हणजे पिट्लैमध्ये पीठ नाही. डाळीच्या पिठाची जागा शिजवलेल्या डाळीने आणि वाटणाने घेतली, फक्त नाव टिकलं. माणूस देश बदलतो तेव्हा असंच होत असावं. आधी जिन्नस बदलतो, मग कृती, आणि नाव सर्वांत शेवटी.

पण सर्वांत जवळून बघण्यासारखं आहे ते डांगर. डांगर म्हटलं की आपल्याकडे काही भागांत लाल भोपळा समजतात. ते हे नव्हे. हे उडदाच्या पिठाचं डांगर, भाकरीबरोबर खायचं. तंजावरकडे त्याचं नाव 'डांगर पचडी'. उडदाची डाळ मंद आंचेवर कोरडी भाजायची. घाई केली तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. दाणा बदामी झाला, खमंग वास सुटला की उतरवायची आणि गार झाल्यावर बारीक दळायची. वाडग्यात दाट, जरासं आंबट दही घुसळून घ्यायचं आणि पीठ चिमटीचिमटीने सोडत हलवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. पहिल्या मिनिटाला ते पातळ वाटतं. मग उडीद दही पिऊ लागतो आणि डोळ्यादेखत मिश्रण घट्ट होत जातं, म्हणून मुळात थोडं सैलच ठेवायचं. वर मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी. चमचा आत गेला की उडदाचा तो चिकट, रेशमी ताण जाणवतो. इकडे भाकरी असते आणि शेजारी कच्चा कांदा. तिकडे भात असतो आणि शेजारी सांबार. डांगर मात्र दोन्हीकडे तेच. कोल्हापूरची एखादी आजी आणि तंजावरची एखादी आजी समोरासमोर बसवल्या तर त्यांचं संभाषण अडेल, पण वाडगा पुढे आल्यावर दोघीही मान डोलावतील.

सांबाराची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. संभाजीमहाराज तंजावरला आले, तंजावरच्याच शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल मिळालं नाही, म्हणून चिंच घातली, आणि त्या आमटीला संभाजींच्या नावाने सांबार म्हणू लागले, अशी ती गोष्ट. ती आपल्याला फार आवडते. ती इतिहास म्हणून सांगू नये, दंतकथा म्हणून सांगावी. पण दंतकथेलाही काहीतरी आधार लागतो. इथला आधार हा, की या दरबारात कोकणच्या आमसुलाची आठवण आणि कावेरीकाठची चिंच खरोखरच एका चुलीवर आल्या होत्या.

या चुलींची लेखी नोंदही आहे. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथसूरींनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. अन्नाचे गुण, कृती, पथ्यापथ्य असं सगळं त्यात आहे, जिलबीची कृतीही आहे. सरफोजीराजांच्या काळातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठीत आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापलेलं आहे. राजवाड्यात शाकाहारी, मांसाहारी आणि इंग्रजी पद्धतीचा असे वेगवेगळे स्वयंपाक चालत आणि त्यांच्या कृती मोजमापासह लिहून ठेवल्या जात. ख्रिश्चन श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या राजाला गोऱ्या पाहुण्यांच्या जिभेची माहिती होती. बिशप हेबर १८२६च्या मार्चमध्ये त्यांना भेटला. अशा पाहुण्यांच्या टेबलावर काय मांडायचं, याचाही त्या मुदपाकखान्याने विचार केलेला होता. छत्रातल्या जंगमाला शिधा आणि वाड्यातल्या बिशपला टेबल, या दोन्हींमागे विचार एकच आहे, येणाऱ्याची जीभ ओळखण्याचा.

तंजावरला आयरिश रक्ताचा एक पाहुणा त्याआधीही आला होता, पण तो तोफा घेऊन. १७५८मध्ये फ्रेंचांचा सेनापती लाली, ज्याचा बाप गॉलवेकडून फ्रान्सला गेलेला, तंजावरवर चालून आला. जुन्या कर्जरोख्यावरून प्रतापसिंहराजांकडून ५६ लाख रुपये वसूल करायचे होते. कारैकालसमोर इंग्रजी आरमार, सैन्याला दाणागोटा नाही, दारूगोळा संपत आलेला. ऑगस्टमध्ये वेढा उठवून त्याला परत फिरावं लागलं. भातखाचरांच्या या मुलखातून त्याचं सैन्य उपाशीपोटी गेलं. ज्या वाटेवर बैराग्याला मध्यरात्रीही भात मिळायचा, त्या प्रांतात लुटायला आलेल्याला मिळाला नाही.

बटाटा मात्र इथेही येऊन पोहोचला आणि रमला. कुंभकोणमला इडलीबरोबर 'कडप्पा' मिळतं. उकडलेला बटाटा आणि मूगडाळ, त्यात खोबरं, खसखस, बडीशेप वाटून केलेला मऊ, फिकट रंगाचा रस्सा. ज्या कंदाने आयर्लंडला आधी जगवलं आणि मग दगा दिला, तो इथे एका डाळीच्या सोबतीने न्याहारीला येतो. त्याच्यावर कुणाचं सगळं पोट अवलंबून नाही, म्हणून तो इथे निर्धास्त वाटतो.

पेयांचं सांगायचं तर उन्हाळ्यात इथे 'नीर मोर' देतात, म्हणजे पातळ ताक, आलं, कढीपत्ता, हिंग घातलेलं. रामनवमीला त्याच्या जोडीला पानकम्, गूळ-सुंठ-वेलदोड्याचं. आपल्याकडचं पन्हं आणि मठ्ठा यांची ही सख्खी भावंडं. आयर्लंडच्या मजुराच्या बटाट्याशेजारीही ताकच होतं, हे मला वारंवार आठवतं. लोणी विकायला जायचं, ताक घरात राहायचं. जगभर गरिबाच्या वाट्याला ताकच येतं, आणि त्याच ताकातून त्याने पाव फुलवला, भात थंड केला, वाटसरूची तहान भागवली. सकाळच्या थांब्यावर अर्थातच कॉफी. कुंभकोणमची 'डिग्री कॉफी', लॅक्टोमीटरने पारखलेल्या, पाणी न घातलेल्या दुधाची म्हणून तिचं हे नाव, असं सांगतात. पितळी पेला आणि दवरा, म्हणजे कडेची खोलगट वाटी. एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतत ती निववतात आणि वर फेस आणतात. काहीजण नुसता तो फेस बघायला थांबतात, त्यांत मीही आहे.

मुक्तांबाळ छत्रात नंतर पुष्कळ बदल झाले. सरफोजींनी तिथे मुलांना अनेक भाषा शिकवण्याची सोय केली होती, आणि पुढेही त्या वास्तूत विद्यार्थी राहिले, शिकले. मोटारी आल्या, रेल्वे आली, रामेश्वरला पायी जाणारा यात्रेकरू विरळ झाला. ओरत्तनाडूला आज तालुक्याचं ठिकाण, बाजार, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पट्टुकोट्टैच्या बसमध्ये बसलेला मराठी पर्यटक खिडकीतून त्या जोत्याकडे न बघताच पुढे जातो. तंजावरचं मोठं देऊळ, सरस्वती महाल, वाडा एवढं पाहून त्याची बस परतलेली असते.

तंजावरला जाणाऱ्यांना मी एवढंच सुचवेन, की एक सकाळ या रस्त्यासाठी ठेवा. नव्या बसस्थानकावरून पट्टुकोट्टैची गाडी पकडा, ओरत्तनाडूला उतरा, चालत छत्राशी जा. दगडी चाकांवरून हात फिरवा. मग जवळच्या एखाद्या साध्या खानावळीत केळीच्या पानावर जेवायला बसा. पानावर पाणी शिंपडून ते आडव्या हाताने पुसायचं, भात येईल, सांबार येईल, रसम येईल, शेवटी ताक येईल. वाढणारा माणूस वाकून तुमच्या पानाकडे बघेल आणि तमिळमध्ये काहीतरी विचारेल. शब्द कळले नाहीत तरी चालेल. अजून भात हवा का, एवढंच तो विचारत असतो.